बॅटरी बॉनेटमधून काढून गाडीच्या आत बसवायची आहे: मारुती 800, खानापूर

खानापूरकर_800

नमस्कार मंडळी. गाडी 2004 ची मारुती 800, केए 22 पासिंग, वडिलांनी नवी घेतलेली. रोज खानापूर-बेळगाव येणं-जाणं आणि महिन्यातून एकदा जांबोटीमार्गे कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला. एवढंच तिचं फिरणं.

गेल्या रविवारी बॅटरी बदलायला काढली तर तिच्या खालचा ट्रे हातातच आला. ट्रेखालचा पत्रा पापडासारखा झालाय. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला, खाली रस्ता दिसायला लागला. कडेला पांढरी-हिरवी पूड साचलेली. पाच वर्षांत ही तिसरी बॅटरी. मिस्त्री म्हणतात इंजिनच्या गरमीनं जातात.

आता मनात असं आहे की बॅटरी मागच्या सीटमागे डिकीत ठेवावी. मिस्त्रींचं उत्तर, "दोन तासांचं काम हाय, वायर ओढली की झालं. एवढा विचार कशाला करूलास?" पण माझा जीव होत नाही. मागच्या सीटवर आई बसते, माझी पोरगी बसते. कोणती वायर घ्यायची, कुठून न्यायची, आत धोका काय, हे कुणी केलेलं असेल तर मनापासून सांगा.

निपाणीकर

मी जिप्सीत केलंय, चार वर्षं झाली, एकदाही सेल मारताना (गाडी स्टार्ट करताना) अडलं नाही. पण दोन तासांचं काम नाही हे आधी सांगतो. मला दोन रविवार गेले.

वायरमध्ये काटकसर करू नका. दुकानात "जाड वायर द्या" म्हटलं की बाहेरून जाड दिसणारी देतात, आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. टोक सोलून चाकूनं तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर दुकानातच ठेवून या. मी बेळगावच्या उद्यमबागेतून वेल्डिंगची रबरी केबल आणली, 35 चौरस मिलिमीटरची, अस्सल तांबं. तिची तार केसासारखी बारीक असल्यानं वळते छान आणि हादऱ्यानं तुटत नाही. फौंड्रीवाल्यांच्या कृपेनं बेळगावात ही केबल कधीही मिळते.

अथणी_ऊस

आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये बॉनेट उघडलं तर हात लावायला होत नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा जुना हिशोब आहे आणि आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बघून मला तो पटतो. त्यामुळं आत हलवण्याचा विचार चुकीचा नाही. मात्र काचा बंद करून उन्हात लावलेली गाडीसुद्धा आतून भट्टीच होते. तुमचं खानापूर थंड, सावलीचं. खरं सांगू? तिथं नुसत्या गरमीनं पाच वर्षांत तीन बॅटऱ्या जाव्यात हे मला पटत नाही.

उद्यमबागकर

अथणीच्या दादांनी नेमकं बोट ठेवलं. खानापूरकर, वायर-बियर सगळं नंतर. आधी एक काम करा. मल्टीमीटर आणा, गाडी चालू करा, 2000 आरपीएमच्या आसपास रेस धरा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. लाइट बंद ठेवून एकदा, लावून एकदा. आकडे इथं लिहा. शिवाय जुन्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती वेळा घालावं लागायचं तेही सांगा.

पत्रा आपोआप पापड होत नाही. त्यावर ॲसिड सांडलंय. ते का सांडलं हे कळल्याशिवाय बॅटरी जागेवरून हलवू नका.

खानापूरकर_800

काका, मोजलं. बंद गाडीला 12.5. चालू करून रेस धरल्यावर लाइट बंद असताना 15.3, लाइट आणि ब्लोअर लावून 15.1. पाणी दर तीन आठवड्यांनी घालत होतो. मला वाटायचं जुनी बॅटरी पाणी पितेच.

उद्यमबागकर

मिळालं उत्तर. 13.8 ते 14.4 मध्ये असायला हवं, तुमच्याकडं 15.3 येतंय. अल्टरनेटरमधला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातला) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. तीन बॅटऱ्या त्यानं उकळून मारल्या आणि उडालेल्या ॲसिडनं पत्रा खाल्ला. इंजिनच्या गरमीवर उगाच आळ आला.

आता विचार करा, हीच बॅटरी याच रेग्युलेटरसकट पोरीच्या पाठीमागं ठेवली असती तर? थोडं सविस्तर लिहितो, कारण "वायर ओढली की झालं" म्हणणारे मिस्त्री आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

पाण्याच्या बॅटरीत दर सेलला (आतल्या एका कप्प्याला) सुमारे 2.4 व्होल्ट, म्हणजे सहा सेल मिळून 14.4 च्या पुढं गेलं की आतलं पाणी फुटायला लागतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. जास्तीचा प्रत्येक अँपिअर-तास सहा सेल मिळून जवळजवळ अडीच लिटर हायड्रोजन देतो. रेग्युलेटर गेलेल्या गाडीत 5 अँपिअर फुकट जात असले तरी तासाला 12 लिटरच्या वर वायू झाला. हवेत हायड्रोजन 4 टक्के झाला की ठिणगीनं पेटतो आणि 75 टक्क्यांपर्यंत पेटतच राहतो. बॅटरीभोवती झाकण लावून डबा केला आणि त्यात 10 लिटर हवा मोकळी राहिली, तर 4 टक्के म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. दोन-तीन मिनिटांचा खेळ. बॉनेटखाली वारा खेळतो म्हणून तिथं हे निभावून जातं. डिकीत वारा कुठला?

हे वाचून "मग डबाच नको, उघडीच ठेवू" असं म्हणू नका. उघडी ठेवली तर ॲसिडचा फवारा सीटवर, कपड्यांवर, श्वासात. उलट डबा हवाच, तोही गाडीच्या आतल्या बाजूनं पूर्ण बंद आणि त्यातून निघालेली नळी फ्लोअरमधून बाहेर. वायू हलका असल्यानं नळी डब्याच्या वरच्या बाजूनं काढायची. आणि आत पाण्याची बॅटरी नकोच. सीलबंद, झडपेची व्हीआरएलए बॅटरी घ्या, बाजूला वायूनळी जोडायची चोच असलेली. जास्त चार्ज झाली तर तीही झडप उघडून वायू सोडते, म्हणून सीलबंद असली तरी नळी लावायचीच.

आधी रेग्युलेटर.

वडगाव_विणकर

मी सहसा इथं लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडं साड्यांचे गठ्ठे न्यायला एक जुनी व्हॅन होती. एका गॅरेजमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली सरकवून दिली, पाण्याची, नुसती पट्टीनं बांधलेली. गोव्याहून चोर्ला घाटानं परत येत होतो, जुलै महिना, धो धो पाऊस, काचा पूर्ण वर. घाट चढता चढता सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. आम्हाला वाटलं बाहेरून येतोय, म्हणून काचा आणखी घट्ट केल्या. मग डोळे चुरचुरायला लागले, मागे बसलेल्या भाचीला खोकला आवरेना. कणकुंबीच्या अलीकडं गाडी थांबवून सीट उचलली तर बॅटरी दोन्ही कुशींनी फुगलेली, हात जवळ नेला तरी धग लागत होती. मिस्टर टर्मिनल काढायला पाना घेऊन वाकले. मी हात धरला आणि म्हटलं आधी सगळे दरवाजे उघडा, वारा लागू दे. पावसात भिजत वीस मिनिटं उभे होतो.

नंतर इलेक्ट्रिशियन म्हणाला, तेव्हा पाना घसरून ठिणगी उडाली असती तर तोंडावर फुटली असती. भाची आता कॉलेजात आहे. अजून तो वास आठवला की माझ्या पोटात गोळा येतो. दादा, तुमची मुलगी मागे बसते असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगितलं.

उद्यमबागकर

ताई, तुम्ही हात धरलात ते फार मोठं काम केलंत. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. बॅटरी उकळली की सुटतो आणि तो विषारी आहे. असा वास आला तर इंजिन बंद, काचा-दरवाजे उघडे, माणसं बाहेर. पाना लगेच लावायचा नाही.

चंदगडकर

सगळं वाचलं. पटलं. एक विचारतो, पुढं कुणीतरी फ्यूजचा विषय काढेल म्हणून आधीच. मी तीस वर्षं गाड्यांची कामं करतोय. कंपनीच्या गाडीत बॅटरीपासून सेल्फपर्यंत (स्टार्टर मोटरपर्यंत) फ्यूज बहुतेक नसतोच. मग आत नेल्यावर का लावायचा? उगाच एक जोड वाढतो, तिथंच गरम होतं.

निपाणीकर

काका, तुमच्या अनुभवाचा मान राखून लिहितो. बॉनेटमध्ये ती वायर दीड-दोन फूट असते, डोळ्यांसमोर असते. आत नेली की चार मीटर होते, कार्पेटखालून, सीटच्या रुळाजवळून, पत्र्याच्या भोकातून जाते. एका ठिकाणी रबर घासून तांबं बॉडीला टेकलं की मधे अडवायला काहीच नाही. छोटी बॅटरीसुद्धा अशा वेळी हजारभर अँपिअर सोडते. वायर लाल होते, कार्पेट पेटतं आणि बॅटरी तर सीटमागे, हात पोचत नाही.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून फूटभराच्या आत. सेल्फजवळ लावून काही उपयोग नाही, तो वायरीसाठी आहे. 35 चौरस मिलिमीटरला मी 200 अँपिअरचा पट्टी-फ्यूज बोल्टनं कसून लावलाय. गरम होण्याचं म्हणाल तर लग (वायरीच्या टोकाची कडी) नीट दाबलेला असला की होत नाही. हातोड्यानं ठोकलेला लग चालणार नाही, हायड्रॉलिक क्रिंपरनं षटकोनी दाबून घ्यायचा.

चंदगडकर

हातोड्याचं मान्य. चार मीटरचंही मान्य. आमच्या काळी आत कुणी नेतच नव्हतं, म्हणून प्रश्न पडला. एक भर घालतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलची बॅटरी कंपनीनंच मागच्या सीटखाली दिलेली असायची. वरचं झाकण हरवलं आणि मागे वजनदार माणूस बसला की सीटची स्प्रिंग टर्मिनलला टेकायची आणि सीट पेटायची. त्यामुळं जागा कुठलीही घ्या, टर्मिनलवर झाकण पाहिजे.

उद्यमबागकर

आता अर्थ, म्हणजे अर्थिंग. यावर लोक सगळ्यात कमी बोलतात आणि घोळ सगळ्यात जास्त इथंच होतो. गोकाक रोडला आमचे एक कन्नड मित्र इलेक्ट्रिशियन आहेत. कुठलीही गाडी आली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मोदलु अर्थ नोड्री". आधी अर्थ बघा.

प्लसची वायर ओढली म्हणजे निम्मंच काम झालं. सेल्फनं घेतलेला सगळा करंट परत बॅटरीकडं यायला हवा. त्याचा रस्ता असा: इंजिन, तिथून जाड पट्टीनं बॉडी, बॉडीतून मागं, मग छोट्या जाड वायरीनं बॅटरीचं मायनस. मूळ जागी बऱ्याच गाड्यांत मायनसची वायर थेट इंजिनला किंवा गिअरबॉक्सला गेलेली असते. बॅटरी मागं नेताना मिस्त्री ती काढून टाकतो आणि इंजिन-बॉडीमधली पट्टी एक तर नसते, नाहीतर गंजलेली असते.

काही वर्षांपूर्वी एक 800 माझ्याकडं ढकलत आणली. तक्रार काय, तर सेल मारला की डॅशबोर्डखालून धूर आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. उघडून बघितलं तर ॲक्सिलरेटरच्या केबलचं आतलं प्लॅस्टिक वितळून तारेला चिकटलेलं, वरचं आवरण तपकिरी. करंटला परतीचा दुसरा रस्ताच ठेवला नव्हता, म्हणून तो त्या पातळ केबलमधून गेला. चालत्या गाडीत ती केबल पूर्ण दाबलेल्या अवस्थेत अडकली असती तर काय झालं असतं, बघा.

तेव्हा इंजिन ते बॉडी नवी जाड पट्टी, तीही प्लसच्याच जाडीची. मागं बॉडीला बोल्ट लावायचा तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर, घट्ट बोल्ट, वरून पेट्रोलियम जेली. जेली घट्ट केल्यावर लावायची.

वायर कुठून न्यायची: पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या फ्लोअरखालून पुढं जातात, आपली वायर आतून, दाराच्या उंबऱ्याजवळच्या पट्टीखालून. पत्र्यातून जाईल तिथं रबरी बुच आणि वर लवचीक पाइप. मागं भोक पाडायच्या आधी गाडी वर घेऊन खालून बघा, पेट्रोलची टाकी तिकडंच आहे. ड्रिल किती खोल जातं हे वरून कळत नाही.

निपाणीकर

बांधणीचं राहिलं. 800 ची बॅटरी 9-10 किलोची. समोरून धडक बसली आणि 20 पट जोर आला तर ती 200 किलोचा दगड होऊन पुढच्या माणसाच्या मानेकडं येते. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयएचा (मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) नियम आहे तो मी जसाच्या तसा पाळला: धातूचं बैठक-तळ, दोन धातूच्या पट्ट्या आणि त्यांवर विजेपासून बचावाचं आवरण, किमान 10 मिलिमीटरचे बोल्ट आणि पत्र्याखाली प्रत्येक बोल्टला 3 मिलिमीटर जाडीची, 20 चौरस सेंटिमीटरची तरी प्लेट. नुसता वॉशर लावला तर धडकेत पत्रा फाडून बोल्ट वर येतो.

बैलहोंगल_केए24

कागदाचं बघा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीत नोंदलेला तपशील निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. बॅटरीची जागा काही आरसीवर नसते. पण विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. उद्या वायरिंगमुळं आग लागली तर सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारेल. वडिलांच्या नावावर पॉलिसी असेल तर पत्रही त्यांच्याच सहीनं.

खानापूरकर_800

महिन्याभरानं लिहितोय, उशिराबद्दल माफी.

आधी रेग्युलेटर बदलला. त्याच बॅटरीच्या टोकांवर 14.2 आलं. खरं तर तिथंच थांबावं असं वाटत होतं. शहापुरातल्या टिनकाम करणाऱ्या मामांना पत्रा दाखवला. त्यांनी खायच्या सोड्याच्या पाण्यानं सगळं धुतलं, फेस यायचा थांबेपर्यंत तीनदा. मग तारेच्या ब्रशनं घासलं आणि सांगितलं, सड आतल्या घडीपर्यंत गेलीय, आता ठिगळ लावतो पण वजन ठेवू नका, पावसाळ्यानंतर पूर्ण तुकडा कापून नवा घालू. म्हणून मागं हलवायचं नक्की केलं.

सीलबंद बॅटरी, मागच्या सीटमागे डिकीत डाव्या कोपऱ्यात. तळ आणि पट्ट्या उद्यमबागेत करून घेतल्या, प्लेटा निपाणीकरांच्या मापाच्या. वायर 35 ची, आम्हाला चार मीटर लागली. दुकानदारानं आधी 16 ची दाखवली होती, चाकूनं खरवडल्यावर पांढरी निघाली. घरी येऊन हिशोब केला: तसलं 16 चं ॲल्युमिनियम 100 अँपिअरला नुसत्या प्लसच्या रस्त्यात 0.7 व्होल्ट खातं, 35 चं तांबं 0.2.

काल रात्री मोजलेले आकडे. बंद गाडीला 12.7. सेल मारताना बॅटरीवर 11.1, सेल्फच्या बोल्टवर 10.8. चालू गाडीत पुढं 14.2, मागं बॅटरीवर 14.1. सेल मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं मायनस यांच्यात आधी 0.6 येत होतं. काकांचं "मोदलु अर्थ" आठवून मागचा बोल्ट पुन्हा सोडला, तर एका बाजूला रंग राहिला होता. घासून लावल्यावर 0.1.

बॉनेटखाली जुन्या जागेजवळ एक इन्सुलेटेड स्टड ठेवलाय, लाल टोपी घालून, कधी जंपर लावायची वेळ आली तर. वडिलांनी विमा कंपनीला पत्र दिलं, पोच फाइलला आहे.

मिस्त्रींना बोलावून सगळं दाखवलं. ते बराच वेळ वायूनळीकडं बघत होते. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही कधी." त्यांच्याकडं एक ओम्नी आलीय, आतल्या बॅटरीवर नुसतं फडकं टाकलेलं. तिचं व्होल्टेज मोजायला उद्या माझा मीटर घेऊन जाणार आहेत.

एकच शंका राहिली. वायूनळीचं तोंड मागच्या चाकाच्या पुढं, फ्लोअरखाली निघालंय. कणकुंबीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चिखल बसून तोंड बुजेल का?

उद्यमबागकर

बुजेल. चाकाच्या पुढं नको, चाकांच्या रेषेतून बाजूला घ्या, जिथं चाकाचा चिखल उडत नाही. तोंड खाली आणि मागच्या बाजूला तिरकं कापा, म्हणजे पाणी आत ढकललं जाणार नाही. नळी मधे कुठं खाली लोंबत असेल तर तिथं पाणी साचून बूच बसतं, म्हणून पूर्ण उतार ठेवा. बॅटरीकडचं टोक काढून तोंडानं फुंकून बघू नका, ॲसिड असतं. सायकलच्या पंपानं हवा मारा आणि खाली हात धरा.

आणि रेग्युलेटर नवा असला तरी दर दोन महिन्यांनी मागच्या टोकांवर व्होल्टेज बघा. 14.6 च्या वर दिसलं तर त्या दिवशी मुलीला मागं बसवू नका.

खानापूरकर_800

रविवारी नळी हलवतो. जांबोटीपर्यंत भर पावसात जाऊन येतो आणि पंप मारून बघितल्यावर इथं कळवतो.

वडगाव_विणकर

नक्की कळवा दादा. वाट बघते.